साडेतीन हजारांच्या मावशी

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणापाशी. कुकर लावलाय म्हणता? मग तीन शिट्ट्या होईपर्यंत आहे की वेळ. तुम्ही नेमक्या शनिवार-रविवार बारामतीला लग्नाला गेलात आणि इकडची सगळी गंमत हुकली बघा!

आमच्या ह्यांच्या ग्रुपचं फोटोंचं प्रदर्शन नव्हतं का, बालगंधर्वच्या कलादालनात? 19 ऑगस्टला जागतिक फोटोग्राफी दिवस असतो ना, त्याच्या अलीकडचा शनिवार-रविवार धरला होता. 14 जण आणि 42 फोटो. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. भिगवणचे फ्लेमिंगो घ्यायचे की कासची फुलं, यावर रात्री अकरा-अकरापर्यंत फोन. आता उजनीच्या पाण्यात एका पायावर उभे राहिलेले ते पक्षी मला मेले सगळे सारखेच दिसतात, पण बोलायची सोय आहे का?

तर शनिवारी सकाळी फोटो टांगताना मीही गेले होते. डबा द्यायला हो, दुसरं काय! आणि तिथेच पहिला बार उडाला. दिवे घाट! घाटाची वळणं, त्यात वारकऱ्यांची पांढरी रांग, मधोमध माउलींचा रथ... एक फोटो ह्यांचा, एक डॉक्टरीणबाईंचा, एक त्या सी विंगमधल्या इंजिनिअर मुलाचा. तिन्ही एकच! अहो, ढगसुद्धा तेच! असणारच ना, तिघं एका गाडीतून गेले आणि एकाच टेकाडावर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जागा मी दाखवली होती.” मुलगा म्हणाला, “गाडी माझी होती.” आमचे हे काय म्हणाले असतील? “पोहे आमच्या घरचे होते!” म्हणजे माझे! शेवटी कोणीच माघार घेईना, तेव्हा तिन्ही फोटो ओळीने टांगले. दिवसभर येणारे-जाणारे विचारत होते, “ही सीरिज कुणाची?” आणि तिघांची तोंडं अशी, एरंडेल प्यायल्यासारखी...

झाली बघा पहिली शिट्टी. तर काय सांगत होते? हां, ते बँकेतून रिटायर झालेले साहेब. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले. नाव नको घ्यायला, पण ती 150-600 ची लेन्स घेऊन मॉर्निंग वॉकला जातात ना, तेच. नियम काय होता, सगळ्यांचे फोटो बारा बाय अठरा इंच. साहेबांचा मात्र वीस बाय तीस! आणि तोही अगदी दारासमोर. ग्रुपचे अ‍ॅडमिन पडले ना!

फोटो ब्लॅक अँड व्हाइट. एक म्हातारी बाई, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, डोळे समोर लागलेले. खाली नाव, ‘प्रतीक्षा’. त्याच्या खाली किंमत, रुपये 3500. मी डबा हातात धरून बघतच राहिले. अहो, ह्या तर आपल्या कोथिंबीरवाल्या मावशी! शाळेच्या फाटकाशी बसतात त्या! ह्यांना विचारलं तर म्हणाले, “कॉम्प्युटरवर क्लॅरिटी वाढवली की सुरकुत्या अशा उठून दिसतात.” आता सुरकुत्या कमी करायला बायका क्रीमला पैसे मोजतात, आणि इथे मुद्दाम वाढवायच्या, तेही दुसऱ्याच्या! आता काय म्हणायचं...

रविवारी संध्याकाळी प्रमुख पाहुण्यांचं भाषण होतं. छान बोलले हो, उगीच नाव ठेवणार नाही. 1838 साली म्हणे पॅरिसमध्ये दागेर नावाच्या माणसाने खिडकीतून रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता गजबजलेला, पण तेव्हा फोटो उमटायला काही मिनिटं लागायची. त्यामुळे चालती माणसं, घोडागाड्या, सगळं गायब. बूट पॉलिश करून घ्यायला एक माणूस एका जागी उभा होता, तो तेवढा उमटला. फोटोत आलेला पहिला माणूस मानतात त्याला. पाहुणे म्हणाले, “त्याचं नाव आजही कुणाला ठाऊक नाही, आणि आपला फोटो निघालाय याचा त्याला पत्ताही नव्हता!”

टाळ्या पडल्या. आणि त्या थांबतायत तोच मागून आवाज, “मला तरी कुठं पत्ता व्हता?”

सगळ्यांच्या माना वळल्या. मावशी! हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. साहेबांचा चेहरा असा पांढराफटक, फ्लॅश मारल्यासारखा. मावशी फोटोपुढे गेल्या, नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “साहेब, माझं हिरवं लुगडं कुठं गेलं वो?” कोणीतरी खुदकन हसलं. मग विचारलं, “खाली काय लिवलंय?” इंजिनिअर मुलाने वाचून दाखवलं, “प्रतीक्षा. म्हणजे वाट बघणं.” तर काय म्हणाल्या माहितीये? “म्या कुनाची वाट बघती? तुमी सुट्टे पैसे कवा काडताय, ते बघत व्हते!”

अहो, कलादालन दणाणलं! पण मावशी काही हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “जुडीला पाच रुपये कमी करा म्हणून अर्धा तास घासाघीस करता. आनि माजं तोंड साडेतीन हजाराला?” साहेबांची मिसेस जमिनीकडे बघत होती. साहेब चष्मा पुसत होते, पुसतच होते...

काय म्हणता? मावशींना तिथे आणलं कुणी? आता असं काय बघता माझ्याकडे! बिचारीचा फोटो लागलाय, तिला दाखवायला नको? रिक्षाचे पैसे मी दिले, झालं.

दुसरी शिट्टी का ही? ऐका, संपतंच आलं. मला विचाराल तर चूक एवढीच झाली, कॅमेरा वर करण्याआधी “काढू का?” म्हणायचं राहिलं, आणि नंतर एक प्रत तिच्या हातात द्यायची राहिली. दोन शब्द आणि एक कागद. लेन्सला लाखभर घालणाऱ्याला ते जड का जावं?

तसे साहेब मनाने वाईट नाहीत हो. सोमवारी स्वतः जाऊन मावशींना रंगीत फोटो देऊन आले, लुगडं हिरवंगार दिसणारा. आता तो फाटकाच्या खांबाला सुतळीने बांधलाय, कोथिंबीर आणायला जाल तेव्हा बघा. आणि आज सकाळी मी तिथेच उभी होते. साहेबांनी मेथीची जुडी उचलली. मावशींनी तीस सांगितले. साहेबांनी तीस दिले, सुट्टे.