नाताळच्या पाळ्या आणि दोन तारखांची दिवाळी

लेस्टर, 28 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांना सा. न.

नाताळ पार पडला, वॉर्ड शाबूत आहे आणि तुमचे जावई अजून माझ्याशी बोलतात. तेव्हा सर्व खुशाल.

आई, तुझ्या वेळी मेट्रनने कागदावर लिहिलं की विषय संपला. इथे रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, निदान सहा आठवडे आधी लागायला हवा, त्यामुळे नाताळची भांडणं दिवाळीच्या फराळाबरोबरच सुरू होतात. मुलंबाळंवाल्या म्हणतात, 25 ला आम्हाला घरी राहू द्या. बाकीच्या म्हणतात, म्हणजे मूल होईपर्यंत दर नाताळला आम्हीच राबायचं? मला ओवी आहे, तरी मला या दुसऱ्या पार्टीचंच पटतं. घरी म्हातारी आई एकटी असलेल्या पोरीला कुणी विचारतच नाही.

आमच्या मॅनेजरबाईंचा हिशेब आधी सोपा होता: परदेशी नर्सना कुठला आलाय नाताळ, लावा त्यांनाच. आता आमच्याकडच्या निम्म्या परदेशी नर्स केरळच्या आणि फिलिपिन्सच्या! आमचे इंग्रज चर्चमध्ये लग्नापुरते जातात. फिलिपिनो मुली 16 डिसेंबरपासून पहाटेच्या मिस्साला हजर. शेवटी केरळच्या चेचीने (चेची म्हणजे ताई) प्रत्येकीला चिठ्ठी लिहायला लावली, काहीही झालं तरी सोडणार नाही अशी एकच वेळ. निम्मं भांडण तिथेच मिटलं. इंग्रजांना हवं 25 चं दुपारचं जेवण, चेची आणि मंडळींना 24 ची रात्र. आमच्या स्कॉटिश बाईला नाताळचं सोयरसुतकच नाही, तिला 31 ची रात्र पाहिजे. स्कॉटलंडात 1958 पर्यंत नाताळची सुट्टीच नव्हती. मागच्या वर्षी कोणी काय केलं याची वही आता चेची ठेवते, कारण मॅनेजरबाईंना गेल्या वर्षीचं काही म्हणजे काही आठवत नाही.

माझं घोडं दिवाळीवर अडलं. गुजराती मैत्रिणीने 20 ऑक्टोबर मागितली, मी 21. बाईंनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. एकच सण, दोन तारखा, नक्की थापा कोण मारतंय? मी कालनिर्णयचा फोटो दाखवला. बाबा, तुम्ही लगेच पंचांग काढाल, मला माहीत आहे. अमावास्या इथल्या घड्याळाने 21 ला दुपारी दीडच्या आत संपली, म्हणजे इंग्लंडपुरती मैत्रिणीचीच तारीख खरी. पण हे आपल्यातच राहू द्या. आमच्या सोमाली सहकारिणीचं तर याहून अवघड. ईदचा चंद्र दिसणार कधी हे सहा आठवडे आधी ती कशी सांगणार? मार्चमध्ये इथल्या मशिदींचंच 30 की 31 यावर एकमत नव्हतं. चेचीने तिला दोन्ही दिवस सोडवून दिले, त्याच्या बदल्यात ती 25 ला आली.

25 ला मीही होते, सकाळी साडेसात ते रात्री आठ. त्या दिवशी आगगाड्या बंद, बसही जवळजवळ नाहीत, त्यामुळे तुमच्या जावयांनी पहाटे काळोखात चौघींना घरोघरून उचललं. सुट्टीच्या दिवशी मला 60 टक्के जास्त मिळतात, यांना फक्त डब्यातले टर्कीचे दोन तुकडे मिळाले. वॉर्ड मात्र झकास होता. घरी धाडता येण्यासारखे सगळे पेशंट डॉक्टरांनी आधीच धाडले होते. उरलेल्यांतले एक आजोबा डोक्यावर कागदी मुकुट घालून तीन वाजता टीव्हीवर राजेसाहेबांचं भाषण ऐकत होते. बीपी घ्यायला गेले तर मला दटावून म्हणाले, "थांब, एक राजा बोलतोय, दुसरा ऐकतोय."

घरी ओवी आणि तिच्या बाबांनी पिठलं-भात करून नाताळ साजरा केला.

पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, मी आत्ताच वहीत नाव घातलंय. दादाच्या लग्नाचं मात्र लवकर ठरवा. तारीख निदान दोन महिने आधी कळवा. आणि गुरुजींनी दोन मुहूर्त काढले असतील, तर दोन्ही कळवा.

तुमची,
सुमा