नांदगावात 258 घोडे आणि आपण सगळे सोवळे

काय म्हणावं आता! नांदगाव तिठ्यावर माणसाने कशासाठी उभं राहायचं? देवगडची एसटी चुकली का ते बघावं, फोंडाघाट उतरून आलेले ट्रक मोजावेत, वडापाव खावा आणि दुसऱ्याच्या घरातल्या भानगडींवर फुकटचं मत द्यावं. इतकी साधी, सात्त्विक वस्ती होती आपली. आणि आता? दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न काय? "गिअरबॉक्साचा ऑइल बदललंस?" अरे, पाऊसपाणी विचारा! कलमांना मोहर किती ते विचारा! आवशीचो घो, निदान एकमेकांचा बीपी तरी विचारा!

पण नाही. साऱ्या पंचक्रोशीला लक्झरी सेडान चावली आहे. नवी नव्हे हं! नवी घेणारे मुंबईत राहतात, गणपतीला येतात, चार दिवस हॉर्न वाजवतात आणि जातात. आपल्याकडे येते ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताची. कोणी ठाण्याहून उचलली, कोणी थेट दिल्लीहून, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना नकोसं केल्यापासून. एनओसी आणायची, ओरोसच्या आरटीओत खेटे घालायचे, एमएच 07 ची पाटी लावायची की झाला सासरवास सुरू. सासरवास गाडीचा नव्हे, मालकाचा!

"फुकट गावली रे!" हे वाक्य आपण किती जणांच्या तोंडून ऐकलं? आणि हिशोब बरोबरच असतो मेल्यांचा. विम्याचा तक्ता बघा: सहा महिन्यांत गाडीची किंमत 5 टक्क्यांनी घसरते, वर्षाला 15, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40 आणि पाच वर्षं भरता भरता निम्मी साफ. साठ लाखांचं धूड आणखी दोन वर्षांनी बऱ्यापैकी एसयूव्हीच्या भावात दारात. कोण सोडेल? पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. गाडीची किंमत उतरली तरी तिच्या ब्रेक पॅडची उतरत नाही! पॅडला काय ठाऊक, मालक तिसरा आहे ते? पुढच्या एलईडी दिव्याला काय ठाऊक, मालकाची काजूची बाग या वर्षी पडली ते? तो दिवा फुटला तर त्या पैशात एक झकास मोटरसायकल येते. गाडी घेताना माणूस सेकंडहँड असतो, पार्ट घेताना मात्र त्याला पहिल्या मालकाच्याच खिशाने वागावं लागतं.

मग काय, देव आठवतो. परवा एका खळ्यात गाडीपुढे चक्क गाऱ्हाणं घातलं गेलं. आपण सगळे लाजेने मान खाली घालून (आणि मोबाइल वर धरून) उभे. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान जी काय जर्मन लक्षुमी दारात हाडलेली आसा, तिच्या गिअरबॉक्साक कोणाची वाकडी नजर लागली असात तर ती दूर कर म्हाराजा!" होय म्हाराजा! "वायरिंगात उंदीर, पंपात गळती, सेन्सरात काय इडापिडा असात ती भायर काढ, आणि वर्कशॉपाचा बिल पाच आकड्यांत ठेव रे म्हाराजा!" होय म्हाराजा! सगळ्यात मोठ्याने "होय म्हाराजा" कोण म्हणालं? ज्याच्याकडे अजून गाडी नाही तो. आगाऊ बुकिंग!

आणि जर्मन कसली डोंबलाची? मर्सिडीज 1995 पासून आपल्या पुण्याकडेच जुळते आहे. आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात, 2009 पासून चाकणला. ऑडी संभाजीनगरच्या शेंद्र्याची. म्हणजे ही लक्षुमी फारतर घाटावरची! पण हे मालकाच्या तोंडावर बोलून बघा. वर्षभर लिफ्ट मिळायची नाही.

लाड तरी किती करावेत? ज्या घरात माणसाला धड मच्छरदाणी नाही, तिथे इंजिनाला उंदरांची जाळी आहे. बॉनेटखाली डांबरगोळ्या, तंबाखूची पानं, वर पहाऱ्याला मांजर. गाडी माडाखाली लावायची नाही, नारळ पडतो. कलमाखाली लावायची नाही, हापूसचा चीक रंगाला डाग पाडतो. यावर उपाय काय करावा माणसाने? गाडी हलवावी? छे! कलमाची फांदी तोडली. देवगड हापूसची फांदी! ज्या फांदीसाठी भावाभावांत कोयते निघाले असते, ती एका धातूच्या डब्यासाठी तोडली, आणि शेजारी म्हणाले, "बरा केलंस, सावली जरा त्या बाजूक आसली तर पेंट टिकता."

गडग्याचं तर विचारूच नका. तीन पिढ्या ज्या गडग्यावरून दिवाणी दावा चालला, वकील मेले, पक्षकार मेले, जांभ्याचा एक चिरा हलला नाही, तो गडगा पाच मीटर लांबीच्या ई-क्लासला पाणंदीत वळता येईना म्हणून एका सकाळी दीड हात मागे गेला. भाऊबंदांनी स्वतःच्या हाताने चिरे उचलले! अट एकच: मुलीच्या लग्नात गाडी आमच्या मांडवात. कोर्टाला जमलं नाही ते टर्निंग रेडियसने करून दाखवलं.

ज्ञान तर नुसतं उतू चाललंय. पूर्वी आपल्याला सातबाऱ्यावरचा गट नंबर तेवढा पाठ असायचा. आता ऑइलचा नंबरही पाठ. "229.51 होया, दुसरा घालूचा नाय!" साध्या गाडीला तीन-साडेतीन लिटर ऑइल लागतं, हिला सहा-साडेसहा, आणि हे सांगताना मालकाच्या चेहऱ्यावर दुःख असतं की अभिमान, सांगा बघू? कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं. कोणाच्या आयुष्यभराचं? गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः म्हणते, 80,000 ते 1,20,000 किलोमीटरमध्ये बदला. हा शोध तिठ्यावर लागला त्या दिवशी चहाच्या टपरीवर जो धिक्कार झाला, तो टोलनाक्याच्या आंदोलनातही ऐकला नव्हता.

बीएमडब्ल्यूवाल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. बॅटरी बदलली तरी कॉम्प्युटर लावून गाडीला तसं कळवावं लागतं, नाहीतर रुसते. पुष्कळ मॉडेलांत स्टेपनी नसते. रन-फ्लॅट टायर! हवा गेली तरी ताशी 80 च्या आत 80 किलोमीटर जा म्हणे. पण नांदगावहून 80 किलोमीटरमध्ये पणजी येते का? नाही येत! म्हणून शहाण्याने डिकीत साधं चाक कोंबलं. मग बांगड्यांची पिशवी कुठे ठेवायची? मागच्या चामडी सीटवर! 530 डीचं तीन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन, 258 घोडे, आणि वरात कसली? बांगड्यांची! त्यातून चौपदरी रस्त्यावर वेगाची मर्यादा 100. म्हणजे दीडशेएक घोडे कायम पागेत बसून खाणार.

आणि बाटले कोण कोण? सायकलवरून जन्म काढलेले, "साधी राहणी" यावर दर गांधी जयंतीला भाषण ठोकणारे निवृत्त मास्तर. ते हल्ली टायरमधली हवा स्वतः मोजतात, तीही शेजाऱ्याच्या गाडीतली! एक आजी, जी गाडी आली त्या दिवशी "घर बुडयलंन" म्हणून रडली होती, तिला श्रावणात सीट गरम करायचं बटण सापडलं. कोकणात गरम सीट! आपण पोट धरधरून हसलो. पण आता कंबर धरली की ती डॉक्टरकडे जात नाही. "झिला, चावी हाड," म्हणते आणि दारातल्या दारात तासभर बसून येते.

आठवतं, 2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादकरांनी एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, 65 कोटींच्या? स्टेट बँकेने 7 टक्क्यांनी कर्ज दिलं, आणि तिथे ट्रॅक्टरच्या कर्जाला त्याहून जास्त व्याज पडतं म्हणून पत्रकार पी. साईनाथांनी झोडपलं. तेव्हा आपणही याच तिठ्यावर नाकं मुरडली होती ना? "माज आयलो हा!" म्हणालो होतो ना? मग आता एअर सस्पेन्शनचा फुगा फाटून कोणाची गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की सगळ्या वाडीत चूल का पेटत नाही? स्कॅनर आणायला वर्गणी कोणी काढली? पावतीपुस्तकात कोणाकोणाची नावं आहेत, वाचून दाखवू?

त्यात हा डीपीएफ. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. बाजारापर्यंत जा-ये केली की तो तुंबतो आणि काट्यांपाशी दिवा पेटतो. औषध एकच: गाडी अर्धा तास हायवेवर सलग पळवायची, इंजिन तापलं की काजळी जळते. आता एवढं आजारी जनावर एकट्याने कसं न्यायचं? शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? चार जण लगेच चपला घालून तयार. आजार कणकवलीपर्यंत जाऊन बरा होण्यासारखा असला तरी आपण तो कुडाळपर्यंत नेतो. तिथून मालवण कितीसं? काजळी जळेपर्यंत सुरमईची थाळी होते, सोलकढी होते, येताना मालकाला धीरही देता येतो. डिझेल त्याचं, चिंता त्याची, सेवा आपली.

एवढं सगळं निंद्य, उधळं आणि लाजिरवाणं आहे, याबद्दल तिठ्यावर दुमत नाही. फक्त संध्याकाळ झाली की प्रत्येक जण हळूच शेजारच्या खळ्यात डोकावतो आणि अगदी सहज विचारतो, "काय रे, आज कोणाचो दिवो लागलो हा काय?"