खांब एक, अहवाल दोन

मुंबईतल्या पागडीच्या इमारतीतला खांब फार समजूतदार असतो. हातोडी कोण मारतंय यापेक्षा बिल कोण भरतंय, हे त्याला आधी कळतं. घरमालकाच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने रिबाउंड हॅमर लावला की बिचारा अंगच टाकतो. अहवाल येतो 'सी-१', म्हणजे अतिधोकादायक. रिकामी करा, पाडा. मग भाडेकरू वर्गणी काढून आपला इंजिनिअर आणतात आणि तीच इमारत 'सी-२बी' होते: माणसं आत ठेवूनच दुरुस्ती करा. दोघेही परवानाधारक, दोघांकडे कोअर टेस्टचे आकडे. एकाने भोक पाडलं गळक्या संडासाखालच्या खांबाला, दुसऱ्याने जिन्याजवळच्या कोरड्या खांबाला. खोटं कुणीच बोललेलं नाही! महापालिका हे ओळखून आहे, म्हणून तर असे दोन अहवाल भिडले की निवाड्याला तांत्रिक सल्लागार समिती बसते.

सोसायट्यांची तऱ्हा याहून साधी. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातलं ३५३-ब कलम तीस वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट सक्तीचं करतं. मग कोटेशनं मागवतात आणि सर्वांत स्वस्त इंजिनिअरला सेक्रेटरी चहा पाजतात.

"साहेब, तेवढं सी-३ मध्ये, किरकोळ दुरुस्तीत बसवा. फंडात खडखडाट आहे."

"अहो, स्लॅबच्या सळया दिसताहेत."

"उद्या प्लास्टर मारतो. मग तर नाही ना दिसणार?"

पुनर्विकासाला बिल्डर मिळाला की हेच सेक्रेटरी त्याच सळया बॅटरी मारून दाखवतात. अर्धी फी आगाऊ, उरलेली अहवाल 'पाहून'. इंजिनिअरने नाही म्हटलं तर? म्हणावं की. खाली दुसरा स्कूटर लावतोच आहे.

१४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला. ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्तीवाला ठरला होता. तिथे ऑडिट करून घेणारी खुद्द महापालिका होती. अटक झालेल्यांत ऑडिटरही होता.

आमची सूचना अशी: फी पालिकेत आगाऊ भरावी आणि म्हाडाच्या घरांसारखी ऑडिटरची सोडत काढावी. ज्याचा नंबर लागेल तो येईल, ठोकेल, दिसेल ते लिहील. एका सेक्रेटरींना हे फार आवडलं. त्यांची शंका एकच, सोडतीत नाव आपल्या माणसाचं निघावं म्हणून कुणाला भेटायचं?