मामाचं बोअर

मामाचा फोन आला. "बोअर मारून घेतलंय रे."

पुण्यात राहणाऱ्या माणसाला या वाक्याचा एकच अर्थ माहीत असतो. मी विचारलं, "किती फुटांवर पाणी लागलं?"

पलीकडे बराच वेळ नुसती समुद्राची गाज. मग मामा म्हणाला, "पॉइंट फिफ्टी."

मामाचं घर देवबागला. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. तिथे पाण्यासाठी माणूस भोक कशाला पाडेल? बोअर झालं होतं ते होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं. झिजलेले दोन्ही सिलिंडर लेथवर अर्धा मिलिमीटर मोठे करून आत ओव्हरसाइझ पिस्टन बसवले होते. मामाच्या मते १५ हॉर्सपॉवरचं इंजिन आता "विसाक काय कमी नाय."

मे महिन्यात गेलो तेव्हा मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशोब मांडला. आधीचा व्यास ५६ मिलिमीटर, स्ट्रोक ५०, सिलिंडर दोन. म्हणजे २४६ सीसी. आता व्यास साडेछप्पन्न, म्हणजे जेमतेम २५१. वाढले साडेचार सीसीसुद्धा नाहीत. मी फडताळातून खोकल्याच्या औषधाचा चमचा आणला. तो पाच मिलिलिटरचा. मामाने खर्च करून जी जागा कमावली होती ती भरायला हा चमचासुद्धा काठोकाठ लागत नव्हता. टक्के पावणेदोनच्या आसपास. इंधन आणि हवा त्याच प्रमाणात जास्त गेली असं उदार मनाने धरलं, तरी वाढ पाव घोड्याची.

"म्हणजे एक पाय," मी म्हणालो.

"फुडचो काय मागचो?" मामीने आतून विचारलं. ती फणस चिरत होती. तिच्या हाताला तेल होतं, आवाजाला नव्हतं.

मामा उठला. "तुझा गणित दर्यात चालणा नाय. ही दोरी ओढ."

गेल्या वर्षी हीच स्टार्टरची दोरी जुन्या लेंग्याच्या नाडीसारखी सरसर बाहेर यायची. आता ती अर्ध्यावर अडली आणि मला खांद्यासकट इंजिनाकडे घेऊन गेली. मामा काही बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि ते जास्त लागलं.

उलगडा मालवणच्या मेकॅनिकने केला. त्याने जुना पिस्टन हातात दिला. कडेला काळपट तपकिरी डाग होते, जळता गॅस रिंगांच्या बाजूने निसटत होता त्याचे. सिलिंडर झिजून लंबगोल झालेला, त्यामुळे कॉम्प्रेशन गेलेलं. "पंधरातले चार-पाच घोडे कधीचे पळान गेलेले," तो म्हणाला. "ते परत इले. नवीन कोण येवक नाय." मग हळूच, मामा ऐकत नाही असं बघून, त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. यामाहाची टू-स्ट्रोक ९.९ आणि १५ हॉर्सपॉवरची इंजिनं, दोन्हींचे सिलिंडर सारखेच, तेच २४६ सीसी. घोड्यांचा फरक मुख्यतः कार्ब्युरेटरच्या बाजूला. घोडा घशातून श्वास किती घेतो त्यावर पळतो, पोट अर्धा मिलिमीटर सुटल्याने नाही. (हे पोटाचं मी स्वतःवरही अनेक वर्षं तपासून पाहिलंय.)

शिवाय ही चैन पुन्हा पुन्हा करता येत नाही. सिलिंडरची भिंत प्रत्येक वेळी पातळ होते, आणि त्या मापाचे पिस्टनही मिळायला हवेत. मामा मात्र पुढच्या वर्षी "पॉइंट सेवंटी फाइव्ह"च्या गोष्टी करत होता.

संध्याकाळी प्रात्यक्षिक ठरलं. मामाने इंजिन चालू केलं, ते पहिल्या झटक्यात लागलं आणि आम्ही कर्लीच्या पात्रात निघालो. फार हळू. इतकं की काठावरचा माड ओलांडायला आम्हाला त्याच्याशी ओळख वाढवावी लागली.

"ओढ ना मामा थ्रॉटल."

"रनिंग-इन हा. नवीन रिंगा बसाक होये. पयले धा तास अर्ध्यावर."

मागून शेजाऱ्याची होडी आली. जुनं ९.९चं इंजिन, आत आठ पर्यटक, एक आइसबॉक्स आणि एक कुत्रा. बरोबरीला येताच शेजाऱ्याने वेग कमी केला आणि काळजीने ओरडून विचारलं,

"मामांनु, दोरी टाकू काय?"

मामाने घड्याळात पाहिलं. अजून नऊ तास चाळीस मिनिटं होती.