जीभ दाखवा

परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांची आपल्याकडे 300 गुणांची परीक्षा होते. 150 मिळाले की पास. इथवर ठीक. पण एप्रिल 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने फर्मावलं, डिसेंबर 2018 नंतर पाकिस्तानात शिकायला गेलेल्यांकडे गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी असेल, तरच परीक्षेला बसता येईल. यकृत सीमेपलीकडेही उजवीकडेच असतं म्हणे! पण या मंजुरीला ना अभ्यासक्रम, ना उत्तरपत्रिका. तिथून शिकून आलेल्या श्रीनगरच्या पोरीने हाडं पाठ करावीत, की कुठल्या चुलत्याने कधी काय घोषणा दिली ते आठवावं? डॉक्टर रोग्याला म्हणतो, ‘जीभ दाखवा.’ इथे आधी डॉक्टरचीच जीभ बघतात. ताप नक्की कुणाला आहे, ते मात्र विचारायचं नाही.