एका एल्बोच्या निर्मात्यास अनावृत पत्र

प्रति,
आमच्या दिवाणखान्याखाली पाऊण इंची एल्बो बसवणारे अनाम कारागीर,
मुक्काम : ठाऊक नाही.

विषय : आपल्या कलाकृतीचा अखेर शोध लागल्याबाबत.

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण आपलं नातं फार खोल आहे. किती खोल, ते मी आता इंचांत सांगू शकतो. वर फरशी, तिच्याखाली सिमेंट-वाळूचं बेडिंग, त्याखाली चार इंच पीसीसी आणि त्याच्याही खाली, मुरमात, आपला पाइप. माणसं नळाचा पाइप काँक्रीटच्या वर घालतात. आपण खाली घातलात. उत्खननाशिवाय दर्शन होऊ नये, हा त्यामागचा विचार असावा. गेल्या आठवड्यात ब्रेकर मशीनच्या गजरात आम्ही तिथवर पोचलो आणि आपला एल्बो उजेडात आला. हार्दिक अभिनंदन.

हे पत्र मराठीत आहे. आपण मराठवाड्यातले असाल तर वाचालच. पण देशभरातले कितीतरी नळकारागीर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातून येतात. तिथल्या पट्टामुंडाई गावात नळकाम शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. आपण तिकडचे असाल तर हे कुणाकडून तरी वाचून घ्या. आपल्या वेळच्या सुपरवायझरला मात्र सांगू नका. तो माझे फोन घेत नाही, पत्र काय वाचणार?

आधी आपल्या कार्याचा आरंभ सांगतो. आषाढात स्वयंपाकघराच्या स्कर्टिंगवर ओल आली. मग भिंतीला लोणा धरला, रंगाचे पोपडे सुटले, ओट्याजवळच्या दोन फरश्या पोकळ वाजू लागल्या. आता मुळशी तालुक्यात आषाढात ओल दिसली म्हणून पाइपवर संशय घेणारा माणूस वेडा ठरतो. वर ताम्हिणीला पाऊस कोसळतो. इकडे भूगाव-भुकूम-पिरंगुटच्या बाजूला ज्या जमिनींवर आमचे बंगले आणि रो-हाउस उभे आहेत, त्यांतल्या कितीतरी मुळात भातखाचरं. पाणी धरून ठेवावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून तयार केलेली जमीन. तिच्यावर मुरूम टाकून प्लॉट पाडले, तरी ती तिची सवय सोडत नाही. श्रावणात ती उपळते, जोत्याशी पाणी आणून उभं करते. त्यामुळे प्लंबर म्हणाला, उपळ आहे. सुपरवायझर (तेव्हा तो फोन घ्यायचा) म्हणाला, उपळ आहे. शेजारचे काका म्हणाले, "उपळच हो. दसऱ्याला आपोआप सुकेल. आमची नाही का सुकली?"

दसरा झाला. काकांची सुकली. दिवाळी झाली. डोंगरावरचं गवत पिवळं पडलं, खाचरांतली इंद्रायणी कापून झोडून झाली, पौड रस्त्यावर धूळ उडायला लागली. आमच्या स्वयंपाकघरात आषाढ चालूच. आणि रात्री, सगळं घर झोपलेलं असताना, खालच्या टाकीवरची मोटर आपली आपण सुरू व्हायची. वरच्या टाकीतलं पाणी कमी झालं की ती चालू होते. मध्यरात्री आमच्या घरात अंघोळ कोण करत होतं, याचं उत्तर आपल्याकडे होतं.

मग एका रात्री सगळे नळ बंद केले, फ्लशचे कॉक फिरवले, मोटर बंद ठेवली आणि वरच्या टाकीच्या आतल्या बाजूला मार्करने पाण्याच्या पातळीची रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या बरंच खाली. उपळ संपली आणि आपला कार्यकाळ सुरू झाला.

आपण ज्या भूमीत हे काम केलंत, तिची परंपरा आपण राखलीत, एवढं मात्र मान्य करतो. इथल्या शेतकऱ्यांनी 1921 सालच्या रामनवमीला मुळशी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. तरी धरण झालंच. तेव्हापासून मुळेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि कोकणात निघून जातं. धरण मुळशीत, पाणी भिऱ्याला, वीज मुंबईला आणि टँकर आमच्या दारात. मुळशीचं पाणी मुळशीकराच्या ओंजळीत पडू नये, हे ज्यांना शंभर वर्षांपूर्वी जमलं, त्यांना त्यासाठी डोंगर फोडावा लागला. आपल्याला एक एल्बो पुरला.

हिशेबही ऐका. मिनिटाला एक लिटर गळती म्हणजे अगदी किरकोळ, बोटभर धारसुद्धा नाही. तरी दिवसाचे 1440 लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर आठवड्यात जमिनीच्या पोटात. तो टँकर मी विकत घेतो, मोटर लावून वर चढवतो आणि आपल्या एल्बोतून तो पुन्हा मुळशीच्या मातीला अर्पण होतो. भूजल पुनर्भरणाचा असा प्रकल्प कुठल्या सरकारी योजनेतही नसेल. लाभार्थ्यांच्या यादीत काकांची आंब्याची कलमं येतात. यंदा त्यांना पालवी छान आहे.

टँकरचं दुःख मी गिळलं असतं. पण एक गोष्ट गिळता येत नाही. पाइप कुठून जातो, हे या पृथ्वीतलावर कुणालाच माहीत नव्हतं.

घराचा नकाशा आहे. मंजूर नकाशा आहे, त्यावर शिक्के आहेत. स्तंभ कुठे, तुळया कुठे, दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो, सगळं आहे. वास्तुशास्त्रवाल्याने दिलेला ईशान्य कोपऱ्याचा वेगळा कागदही आहे. पाण्याचा पाइप मात्र कुठल्याच कागदावर नाही. तो फक्त आपल्या डोक्यात होता. आणि आपण एका संध्याकाळी पिशवी उचलून, ते डोकं घेऊन पुढच्या साइटवर गेलात.

म्हणून ओल जिथे होती तिथे फोडलं. स्वयंपाकघर फोडलं. खाली नुसता ओला मुरूम. पाण्याला काँक्रीटखालच्या सोलिंगच्या दगडांतल्या पोकळ्या मिळतात. ते उताराने वाट काढत जिथे अडेल तिथे साचतं आणि तिथून भिंतीत चढतं. ओल दिसते ते पाण्याचं सासर. माहेर कुठे, ते ओल सांगत नाही. मग बाथरूमच्या भिंतीलगत फोडलं, कारण शहाण्यासारखा पाइप भिंतीलगत जातो. तिथे कोरडं ठणठणीत. मग दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात फोडलं, कारण शहाण्यासारखा पाइप काटकोनात वळतो. तिथे पाइपच नाही! शेवटी नव्या प्लंबरने टिकाव भिंतीला टेकवला आणि मला शांतपणे विचारलं, "साहेब, या घरात पाइप आहे ना नक्की?"

मग यंत्रवाला आला. जमिनीवर ठेवायचा माइक, कानाला हेडफोन. परदेशात बऱ्याच ठिकाणी मुख्य वाहिनीचं पाणी दाबाने घरात येतं. जोत्याखाली भोक पडलं की ते फुसफुसतं आणि यंत्राला ऐकू येतं. आमची टाकी गच्चीवर, फरशीपासून सात मीटर उंच. म्हणजे दाब चौरस सेंटीमीटरला जेमतेम पाऊण किलो. एवढ्या दाबाचं पाणी फुसफुसत नाही, गुपचूप जातं. त्याने मुरमावरून, चिखलावरून, सोफ्याखालून माइक फिरवला आणि डोकं हलवलं. मग लाइन रिकामी करून कॉम्प्रेसरने तिच्यात हवा भरली. भिजलेल्या मातीतून हवा सुटते तेव्हा बुडबुड वाजते. तो माइक घेऊन सरकत सरकत दिवाणखान्याच्या मध्यावर आला, टीव्हीसमोर, आणि थांबला. मला हेडफोन दिला. मी माझ्या घराच्या पोटातला आवाज ऐकला.

आपण पाइप तिरपा नेला होतात. बाथरूमपासून ओट्यापर्यंत, सरळ दिवाणखान्यातून, आडवातिडवा. त्याने पाइप वाचतो, वेळ वाचतो. मध्ये ड्रेनेजची लाइन आली म्हणून तिला वळसा घालायला दोन एल्बो टाकलेत. त्यांतला हा एक.

बाकीच्या तक्रारी एकेका ओळीत आटोपतो. फरशीचा तो नमुना बंद झाला आहे. नव्या फरशीचा पिवळा जुन्या पिवळ्याशी बोलत नाही. मुरमाची धूळ गादीखाली, फोटोंच्या चौकटीत आणि तांदळाच्या डब्यात आहे. लाइनला मधे कुठेही वेगळा व्हॉल्व्ह नाही, त्यामुळे ओट्याची गळती शोधताना संडासातही बादलीने पाणी. आणि रेराच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत दोष दाखवला तर विकासकाने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. आपल्या एल्बोने पाच वर्षं पुरी होऊ दिली आणि मगच तोंड उघडलं. कायदा त्याला पाठ असावा.

आता मूळ मुद्दा. एल्बो हातात आला तेव्हा कळलं की त्याच्या एका बाजूला चिकटवायचं सोल्युशन आहे आणि दुसऱ्या बाजूला नाहीच. पाइप नुसता कोरडा दाबून बसवलेला. सीपीव्हीसी पाइपचा घट्ट बसलेला जोड टाकीच्या दाबावर असाही कधीकधी वर्षानुवर्षं टिकतो. मग एक दिवस टिकत नाही. हे पाहून मी आपल्याला काय काय म्हणालो, ते छापण्यासारखं नाही.

नवा प्लंबर तो तुकडा धुऊन बराच वेळ बघत बसला. मग त्याने पाइपच्या टोकाशी बोट ठेवलं. तिथे पेन्सिलची रेघ होती, गोलाकार, बारीक, एकसारखी. पाइप एल्बोत किती आत जायला हवा, ते मोजून मारलेली. दुसऱ्या एल्बोलाही होती. जेवढी लाइन उघडी पडली, तेवढ्या प्रत्येक जोडाला होती. तो म्हणाला, "हा माणूस चांगला होता. अशी रेघ आता कोण मारतं?" आणि पाइपची टोकं त्याने मला दाखवली. काटकोनात कापलेली, आतली कूस साफ केलेली.

म्हणजे आपण सगळं नीट केलंत. आधी कोरडं जोडून पाहिलंत, मोजलंत, खूण केलीत. आता एकेक जोड सोडवून, सोल्युशन लावून पुन्हा बसवायचा. एल्बोची एक बाजू लावून झाली. आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली.

काय म्हणून मारली असेल, ते मी सांगू शकतो. चैत्र होता. अक्षय्य तृतीयेला चाव्या द्यायच्या होत्या, पत्रिकेत छापलं होतं. बाहेर मिक्सर फिरत होता. पीसीसीवाले घमेली घेऊन उभे, त्यांच्या मागे फरशीवाले. आपल्याला पैसे पॉइंटवर. जेवढे नळ तेवढा दाम. जमिनीतल्या जोडांचे वेगळे पैसे कुणी देत नाही, ते कुणाला दिसत नाहीत. उन्हात डबीतलं सोल्युशन घट्ट होत आलेलं, नवी डबी मागितली तर शिव्या. "अरे, वरच्या मजल्यावर चल आधी, ते गीझरचं राहिलंय!" आपण उठलात. परत आलात तेव्हा काँक्रीट पडलेलं होतं.

हे माझ्या लक्षात आलं आणि पत्राचा सूर बिघडला. त्याला मी काय करू?

अशा वेळेसाठीच एक साधी गोष्ट असते. लाइन झाकायच्या आधी नळांची तोंडं बंद करायची, हातपंप लावायचा, टाकीच्या दाबाहून बराच जास्त दाब भरायचा आणि घड्याळ लावून गेजचा काटा पाहत बसायचं. काटा उतरला तर कुठेतरी जोड राहिला. बस्स. चहा पिऊन होईपर्यंत आपला हा कोरडा एल्बो सुटून बाहेर आला असता. आपण हसून सोल्युशन लावलं असतं आणि मी आयुष्यात हे पत्र लिहिलं नसतं. चाचणी कामचुकार माणसासाठी नसते, ती चांगल्या माणसासाठी असते. कारण चांगला माणूसही हाक आली की उठतो. चाचणी न घेता काँक्रीट ओतणाऱ्याने माझे पैसे बुडवले, हे आहेच. पण त्याने आपलं कामही बुडवलं, आपली प्रत्येक रेघ मुरमात पुरली आणि वर नाव आपलं ठेवलं : "प्लंबरने घोळ केला." तीन महिने मीही तेच म्हणत होतो, कारण म्हणायला दुसरं कुणी सापडत नव्हतं. चाव्या देताना फोटोत उभे होते ते सगळे फोनच्या पलीकडे गप्प आहेत. निर्लज्ज आहेत, असं मला म्हणायचं आहे. ते मी म्हणतो.

दुरुस्ती झाली. जोत्याखालची लाइन आम्ही दोन्हीकडून टोपण लावून कायमची बंद केली. नवा पाइप बाहेरच्या भिंतीवरून नेला, उघडा, क्लॅम्प मारून. येणारे-जाणारे म्हणतात, चांगल्या घराची शोभा गेली. जाऊ दे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत लोखंडी पाइप असेच भिंतीवर असायचे. गळला तर दिसायचा आणि सुतळी-सफेदा लावून तासाभरात बंद व्हायचा. नव्या लाइनला आम्ही दाब दिला. काटा जागचा हलला नाही. नव्या प्लंबरने ओट्याखालच्या कपाटाच्या दारावर आतून लाइनचा नकाशा काढला, टेपने मोजून, प्रत्येक अंतर लिहून. त्याचे त्याने वेगळे पैसे मागितले नाहीत. मी दिले.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जोत्यावरचा रहिवासी

ता. क. : आमच्या ओळीतली बाकीची घरंही त्याच चैत्रात, त्याच घाईत झाली. त्यांच्याही लाइनी आपणच टाकल्यात, असं कळतं. काकांच्या घरी आपण काम करत असताना कुणी हाक मारली होती का, एवढं आठवून कळवा. कलमांना पालवी जरा जास्तच आहे.