पुढे काय केलंत?

सतराव्या-अठराव्या वर्षी माणसाच्या हातून फार मोठा पराक्रम होऊ नये, असं माझं मत आहे. झालाच तर त्याचा फार गाजावाजा होऊ नये. आणि झालाच गाजावाजा, तर निदान त्यावर सिनेमा निघू नये. कारण मग उरलेलं आयुष्यभर लोक एकच प्रश्न विचारत राहतात: "वा! आणि पुढे काय केलंत?"

आपल्याकडे बोर्डात आलेल्या मुलांचं हेच व्हायचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आई पेढा भरवतेय, वडील कॅमेऱ्याकडे बघावं की पेढ्याकडे अशा पेचात. वीस वर्षांनी तोच मुलगा एखाद्या बँकेत व्यवस्थित नोकरी करत असतो, घर-संसार छान चाललेला असतो. पण त्याची ओळख करून देणाऱ्याचा आवाज मात्र उगाच खाली येतो. "बोर्डात आला होता हो!" जसं काही त्याने तेव्हा गावाला शब्द दिला होता आणि आता तो फिरवला.

हा त्रास सगळ्यात जास्त कुणी सोसला असेल, तर अमेरिकेतल्या एका शाळेच्या फुटबॉल संघाने. अमेरिकन फुटबॉल म्हणजे तो हातात चेंडू घेऊन धावण्याचा, हेल्मेटं घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. तिथे शाळेच्या सामन्यांना गाव लोटतं. दरवर्षी दहा लाखांच्या आसपास मुलं हायस्कूलमधून हा खेळ खेळतात आणि व्यावसायिक लीगच्या निवडीत वर्षाला जेमतेम अडीचशे जण लागतात. बाकीच्यांचं पुढे काय होतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

तर गोष्ट 1971 सालची, व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रियाची. पोटोमॅक नदीच्या पलीकडे राजधानी वॉशिंग्टन, अलीकडे हे शहर. तिथल्या तीन हायस्कूलांचे वरचे दोन वर्ग त्या वर्षी टी. सी. विल्यम्स या एकाच शाळेत आणले गेले. काळी आणि गोरी मुलं एका संघात आली. मुख्य प्रशिक्षक म्हणून हर्मन बून हे कृष्णवर्णीय गृहस्थ नेमले गेले, आणि ती जागा आपल्याला मिळेल अशी ज्यांची रास्त अपेक्षा होती ते गोरे, लोकप्रिय बिल योस्ट मुकाट्याने त्यांचे साहाय्यक झाले. संघाचं नाव टायटन्स. तेरा सामने, तेरा विजय. गुणांची बेरीज 338 विरुद्ध 38. नऊ सामन्यांत तर प्रतिस्पर्ध्यांना भोपळाही फोडता आला नाही. एकोपा, शिस्त, जिद्द ही कारणं होतीच. पण तीन शाळांची पहिली फळी एकाच संघात आली होती, हा हिशेबही विसरू नये.

राज्याचा अंतिम सामना रोअनोकला झाला. समोर अँड्र्यू लुईस हायस्कूल. निकाल 27-0. या खेळात चेंडू किती यार्ड पुढे नेला याचा जमाखर्च ठेवतात. अँड्र्यू लुईसचा त्या दिवसाचा जमाखर्च उणे पाच यार्ड निघाला. सगळा सामना जीव तोडून खेळायचं, आणि शेवटी निघालो होतो त्याच्याही पाच यार्ड मागे उभं राहायचं.

यानंतर जवळपास तीस वर्षं टायटन्सना गावाबाहेर कुणी फारसं विचारलं नाही. मुलं पांगली, लग्नं झाली, केस पिकले. आणि 2000 साली डिस्नीचा 'रिमेंबर द टायटन्स' आला. बूनच्या भूमिकेत डेन्झेल वॉशिंग्टन. पंचेचाळिशी ओलांडलेले, पोट सुटू लागलेले हे गृहस्थ एका शुक्रवारी पुन्हा सतरा वर्षांचे झाले, तेही त्यांच्यापेक्षा कितीतरी देखण्या नटांच्या रूपात.

सिनेमा म्हटला की पदरचं थोडं घालावं लागतं. 27-0 असा सामना दाखवला, तर प्रेक्षक मध्यंतरातच उठून जातील. म्हणून पडद्यावर अंतिम सामना शेवटच्या क्षणापर्यंत ताणला आणि समोर जॉर्ज मार्शल हायस्कूल आणून उभं केलं. प्रत्यक्षात त्यांच्याशी चुरशीची लढत झाली होती ती हंगामाच्या मध्यावर. योस्टना चार मुली, पडद्यावर एकच उरली. बूनच्या घराच्या खिडकीतून सिनेमात वीट येऊन पडते. खऱ्या आयुष्यात आलं होतं ते संडासाचं भांडं. आता द्वेष तोच, खिडकी तीच, फुटलेली काचही तीच. पण विटेला एक भारदस्तपणा आहे. भांडं दाखवलं असतं तर थिएटर हसलं असतं, आणि बूनना त्या रात्री हसू आलं असेल असं वाटत नाही. खऱ्या आयुष्याची हीच अडचण. प्रसंग गंभीर असला, तरी सामान योग्य तेच येईल याची खात्री नसते.

सिनेमाच्या शेवटी पडद्यावर एकेकाबद्दल ओळ-दोन ओळी येतात: हा पुढे अमुक झाला, तो तमुक. प्रेक्षक तोवर चपला शोधत असतात, तरी मान वर करून वाचतात. मीही वाचलं. रॉनी बास, लांब केसांचा 'सनशाइन' म्हणून पडद्यावर मिरवलेला क्वार्टरबॅक. तो साउथ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळला आणि पुढे प्रसारणाच्या क्षेत्रात नोकरीला लागला. सिनेमात तो खेळाडूंच्या खोलीत कप्तानाचं चुंबन घेतो. असं काही घडलंच नव्हतं. पण न घेतलेल्या चुंबनाचा खुलासा त्याला आयुष्यभर पुरेल. ज्युलिअस कॅम्पबेल, बचावफळीतला दांडगा गडी, मोकाट जनावरांचा बंदोबस्त करणाऱ्या खात्यात लागला. अंगावर धावून येणाऱ्याला आडवं करण्याची सवय तिथे वाया गेली नसावी. पीटी जोन्सने अलेक्झांड्रियाच्याच शाळाखात्यात नोकरी केली. म्हणजे तो शाळेतून बाहेर पडला आणि पुन्हा आत गेला. बाकीचेही असेच चारचौघांसारखे कामाधंद्याला लागले.

या संघातून जगभर गाजलेला कुणी हवाच असेल, तर तो रायन गॉसलिंग. पण त्याने रंगवलेला खेळाडू सिनेमापुरताच होता. आणि तोही असा, की समोरचा गडी आपल्याला आवरत नाही हे कळल्यावर आपली जागा दुसऱ्याला देऊन बाकावर जाऊन बसतो. टायटन्सपैकी सर्वांत मोठं नाव झालं ते बाकावरच्याचं.

कप्तान गेरी बर्टियरबद्दल मात्र थट्टेने लिहिता येत नाही. सिनेमात त्याला अपघात होतो तो अंतिम सामन्याच्या आधी. मग संघ त्याच्यासाठी जिंकतो. खरा गेरी तो सामना खेळला, जिंकला, आणि आठवड्याभराने संघाच्या सत्काराच्या रात्री आईची गाडी चालवत असताना त्याला अपघात झाला. कमरेखालचं अंग कायमचं गेलं. पटकथा लिहिणाऱ्याला दुःखातून विजयाकडे जाता येतं; गेरीच्या वाट्याला क्रम उलटा आला. पण तो थांबला नाही. व्हीलचेअरवर बसून गोळाफेक आणि थाळीफेकीत उतरला, पदकं मिळवली. 1981 च्या मार्चमध्ये एका दारू प्यायलेल्या चालकाने त्याच्या गाडीला धडक दिली, आणि सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. शाळेच्या व्यायामशाळेला त्याचं नाव आहे. "पुढे काय केलंस?" या प्रश्नाला सगळ्यात कमी वर्षांत सगळ्यात भरघोस उत्तर त्याने दिलं.

आणि प्रशिक्षक? बून यांना 1979 मध्ये प्रशिक्षकपदावरून काढण्यात आलं. खेळाडूंशी वागणूक फार कठोर असल्याच्या तक्रारी होत्या. पडद्यावर ज्या कठोरपणाला टाळ्या पडतात, त्याची प्रत्यक्षात चौकशी होते. सिनेमा आल्यावर मात्र ते देशभर व्याख्यानं देत हिंडले. मग 2019 उजाडलं. जानेवारीत कॅम्पबेल गेला, मे महिन्यात योस्ट, जुलैत पीटी जोन्स, डिसेंबरात बून. पुढे काय झालं? पुढे वय झालं. ते सगळ्यांचंच होतं, हरणाऱ्यांचंही.

शाळेचंही पुढे काही झालं. टी. सी. विल्यम्स हे जुने शिक्षणप्रमुख. काळ्या-गोऱ्या मुलांनी एका शाळेत बसायला त्यांचा ठाम विरोध. आणि त्यांच्याच नावाची शाळा एकोप्याची जगप्रसिद्ध गोष्ट होऊन बसली. 2021 मध्ये ते नाव उतरवून 'अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल' असं केलं. टायटन्स तेवढे राहिले. साहेबांचं नाव पन्नासेक वर्षंच टिकलं, पोरांचं अजून चाललंय.

मला मात्र राहून राहून रोअनोकला हरलेल्या त्या मुलांची आठवण येते. त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही. त्यांची शाळाही 1977 मध्ये सेलम गावाच्या नव्या हायस्कुलात विलीन झाली. सिनेमात तर त्यांचा पराभवसुद्धा मार्शलच्या नावावर लागला. गंमत अशी, की त्या वर्षांत अँड्र्यू लुईसमध्ये शिकणारा बिली सॅम्पल पुढे टेक्सास रेंजर्सकडून थेट मोठ्या लीगमध्ये खेळला. खेळला, पण बेसबॉल! बाकीचे टायटन्ससारखेच नोकऱ्या करत, कर्जाचे हप्ते फेडत, मुलांच्या शाळेच्या सामन्यांना जात म्हातारे झाले असतील. फरक एवढाच, की नोकरीवरून घरी आलेल्या माणसाकडे बघून "अरेरे, उणे पाच यार्डांवरून एवढंच जमलं?" असं कुणी म्हणत नाही. उलट, "बरं केलंस हो स्वतःचं!" म्हणतात.

टायटन्सनी यातून एक शहाणपणाची वाट काढली. जुन्या खेळाडूंनी एकत्र येऊन शाळेतल्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. म्हणजे आता "पुढे काय?" हा प्रश्न ते स्वतः विचारतात, दुसऱ्यांच्या मुलांना, आणि सोबत फीचे पैसे देतात. हा प्रश्न विचारायचा हक्क मिळवायचाच असेल, तर याहून रास्त दर मला तरी दिसत नाही. बोर्डात आलेल्यांची चौकशी करणाऱ्या आपल्याकडच्या सर्व काका-मामांनाही तोच दर लावावा.